दोन उजवे पाय

कॅप्टन वज्रमूठ काही केल्या टेबलावर उभा राहीना. साहेब त्याला उभा करत होते आणि तो पुन्हा पुन्हा डाव्या कुशीवर आडवा होत होता, थेट चहाच्या बशीत. बैठकीला जमलेले यच्चयावत लोक टेबलाकडे संशयाने बघायला लागले. जाहिरात खात्याच्या प्रमुखाने तर टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवून पाहिली. असली एकेक रत्नं त्या कंपनीत भरली होती, आणि प्रत्येकाच्या दारावर पितळेची पाटी.

लेखिकाबाई कोपऱ्यात बसून ही गंमत बघत होती. 'पोलादी पलटण' ही कार्टून मालिका तीच लिहायची. नाव पोलादी, पण सैनिक सगळे प्लॅस्टिकचे, आणि प्लॅस्टिकही असं भिकार की खिडकीत उन्हाला ठेवला तर संध्याकाळपर्यंत जवानाने बंदुकीसकट मान टाकलेली असायची. आधी साहेब ठरवणार यंदा कुठलं खेळणं खपवायचं, मग बाई त्या खेळण्याच्या तोंडात वाक्यं घालणार, आणि मग पोरं आईबापांचा जीव खाणार. एवढंच ते साहित्य. या युद्धात कुणी मरायचं नाही हा नियम होता. विमान पडलं की लगेच हवाई छत्री उघडलीच पाहिजे. गोळी लागणार ती भिंतीला, झाडाला, फार तर पाण्याच्या टाकीला. इतकी वर्षं घनघोर लढून या पलटणीने शत्रूच्या गिधाड टोळीची एक कोंबडीसुद्धा मारली नव्हती.

शेवटी बाईनेच हात लांब करून खेळणं उचललं, उलटं केलं आणि म्हणाली, "अहो, याचे दोन्ही पाय उजवे आहेत."

 मग सगळ्यांनी आळीपाळीने कॅप्टनला उलटं करून बघितलं. दोन्ही पावलं डावीकडे वळलेली. छाती पुढे, नजर शत्रूवर, आणि पाय मात्र गुपचूप घरी निघालेले.

साचेवाल्याला बोलावणं गेलं. तो आधीच तणतणत आला. "मला एकाच पायाचं चित्र दिलं होतं. दुसऱ्याचं मागितलं तर म्हणाले, नाहीये. मग मी तोच दोनदा कापला. मी काय त्याच्या पाया पडायला जाणार होतो?"

"अरे, स्वतःचा बूट काढून बघायचा होतास," बाई म्हणाली.

यावर तो खरोखरच खाली वाकून बघायला लागला.

चित्र नव्हतं हे मात्र खरं होतं, आणि त्यात बाईचाही हात होता. कार्टूनमध्ये माणूस चालवायचा म्हणजे चित्रंच चित्रं काढावी लागतात, आणि या कंपनीचा हात त्या बाबतीत फार आखडता. म्हणून बाईला पहिल्याच दिवशी ताकीद मिळाली होती: कमरेखाली काही दिसता कामा नये. तेव्हापासून कॅप्टन वज्रमूठ कधी कमरेएवढ्या गवतात, कधी जीपमध्ये, कधी भिंतीआड, आणि काहीच सुचलं नाही तर पुराच्या पाण्यात उभा राहून देश वाचवत होता. आख्ख्या मालिकेत त्याचं पाऊल एकदाच दिसलं होतं, दार लाथेने फोडताना. लाथ उजव्या पायाची होती. तेच चित्र साच्यासाठी गेलं. नमुना आला तो प्लॅस्टिकच्या चिखलाच्या चौथऱ्यावर चिकटवलेला, घोट्यापर्यंत बूट रुतलेले. त्याच्यावर याच सगळ्या विद्वानांनी माना डोलावल्या होत्या. आता मालाचं जहाज रिकामं झालं होतं आणि दुकानं दोन उजव्या पायांच्या कॅप्टनांनी खचाखच भरली होती.

"माल परत घ्यायचा नाही," साहेब म्हणाले. विचार करताना ते डोळे मिटून घ्यायचे, बाकीच्यांना कळावं म्हणून. "खेळणं बरोबर आहे. मालिका चुकली आहे. बाई, एक भाग लिहा. कॅप्टनला दोन उजवे पाय का, ते मुलांना पटवून द्या."

बाई खो खो हसली. हसणारी ती एकटीच आहे हे लक्षात आल्यावर थांबली.

तिने तो भाग दुपारच्या चहाच्या आत लिहून काढला, रागारागाने, दात ओठ खात. घ्या म्हणाली, तुमच्या लायकीचं घ्या. गिधाड टोळीने सुरुंग पेरला, कॅप्टनचा डावा पाय गेला. पलटणीच्या डॉक्टरने कपाट उघडलं तर आत नुसते उजवे पाय. मग बसवला उजवाच. सगळी पलटण ढसाढसा रडतेय, आणि कॅप्टन म्हणतो, "रडता काय! उजवा आहे ना अजून!" त्यावर डॉक्टर म्हणतो, "आता तर दोन आहेत, कॅप्टन!" आणि मग दुप्पट ताकदीची लाथ, दार, धुरळा, संगीत.

कॅप्टनचं वाक्य तिला शोधावं लागलं नाही. ते तिच्या बाबांचं होतं. ती शाळेत असताना बाबा सीमेवर सुरुंगावर गेले आणि डावं पाऊल तिकडेच ठेवून आले. लष्करी इस्पितळात ती खाटेशी उभी राहून भोकाड पसरत होती आणि पांघरूण एका बाजूला भलतंच लवकर सपाट झालेलं होतं. तेव्हा बाबा म्हणाले होते, "रडतेस काय? उजवा आहे ना अजून." असलं घरातलं वाक्य या उकिरड्यावर टाकायचं कारण काय होतं, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की इतकं बेशरम लिहायचं, इतकं, की साहेबांनाच लाज वाटावी आणि त्यांनी कागद तोंडावर फेकावेत.

साहेबांनी कागद वाचले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई," ते म्हणाले, "हे तुमचं आजवरचं सर्वांत उत्तम काम."

टिंगल कळायलाही थोडं डोकं लागतं, हे ती विसरली होती.

आता बाबांचं सांगायला हवं. बाबा त्याच ऑफिसात होते. मालिकेच्या शेवटी पाट्या सरकतात, त्यात 'लष्करी सल्लागार' अशी एक पाटी असते, ती बाबांची. बाईनेच त्यांना चिकटवून दिलं होतं. आई गेल्यापासून बाबा घरात बसून बिल्डिंगच्या पाण्याच्या पंपावर आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर पाळत ठेवायचे. ते बघवेना म्हणून. काम म्हणजे प्रत्येक भाग आधी वाचायचा आणि पट्टा कुठे, टोपी कशी, सलाम कुणी कुणाला ठोकायचा ते सांगायचं. त्यांचं कुणी ऐकत नसे. पण त्यांना खिडकीपाशी खुर्ची होती, स्वतःचा कप होता, आणि सगळे त्यांना कर्नल म्हणायचे. बाबा शिपाई म्हणून भरती झाले आणि शिपाई म्हणूनच घरी आले. कर्नल त्यांनी पाहिला होता तो सलामाच्या अंतरावरून. तरी पहिले काही दिवस "अहो, मी कर्नल नाही" म्हणून झाल्यावर त्यांनी नाद सोडला. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायला लागलं होतं.

नव्या भागाचे कागद त्यांच्याकडे गेले तेव्हा कुठे बाईच्या लक्षात आलं की हे आता बाबा वाचणार. तोवर तिला हे सुचलंच नव्हतं. तिरीमिरीत लिहिताना कुणाला सुचतं? ती काचेपलीकडून बघत राहिली. बाबांनी नेहमीप्रमाणे बोट ठेवून वाचलं, पान उलटलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा तेच पान वाचलं. मग उठून साहेबांच्या खोलीत गेले.

गेला आता, बाईला वाटलं, आता म्हातारा साहेबाची खरडपट्टी काढणार. तिला भीती वाटली आणि थोडं बरंही वाटलं.

पण आतून आला तो साहेबांचा चीत्कार. "डावाच? खरंच डावाच? दाखवा!" दार उघडलं तर बाबा खुर्चीत बसलेले, पँटचा पाय वर सरकवलेला, आणि साहेब गुडघ्यावर बसून त्यांच्या लाकडी पावलावर दारावर वाजवावं तसं टकटक वाजवत होते. "बाई, तुम्ही आम्हाला बोलला नाहीत कधी! अहो, केवढी मोठी गोष्ट! विक्रीच्या उद्घाटनाला कर्नलच स्टेजवर! कॅप्टनचा बूट, कॅप्टनचं वाक्य, आणि खराखुरा सैनिक!"

"बूट उजवा घालायचा?" जाहिरातवाल्याने विचारलं.

"दोन्ही उजवे! लाकडी पायाला काय कळतंय?"

सगळे हसले. बाबाही हसले, जरा उशिरा.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर बाई साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "ते वाक्य काढा. मी दुसरं देते. आणि बाबांना यात ओढू नका."

साहेब पेन फिरवत म्हणाले, "का बरं? त्यांना स्वतःला आवडलंय. ते काढायला सांगायला आत आलेच नव्हते, आभार मानायला आले होते." मग अगदी गोड आवाजात पुढे म्हणाले, "आणि बाई, सल्लागार नसला तरी पलटण चालते, हे तुम्हालाही माहीत आहे. मला ती खुर्ची काढायची वेळ आणू नका."

तो माणूस हलकट होता, पण खोटं बोलत नव्हता.

घरी बाबा आरशासमोर उभे होते. जुना गणवेश पलंगावर काढून ठेवला होता, बटणं घासून झाली होती.

"बाबा, नाही म्हणून सांगा त्यांना."

"का गं?"

"माकडचाळे आहेत ते सगळे. पोरं येणार, आया येणार, फुगे असणार. त्यात तुम्ही कशाला उभं राहायचं?"

"मला कुणी उभं राहा म्हटलंय कधी?" बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पाय गेला तेव्हा एक कागद आणि एक लाकूड दिलं आणि म्हणाले, जा घरी. पुढे कुणी विचारलं का, बाबा रे, कुठे ठेवलास पाय? आणि आता तू लिहिलंस. तू केवढीशी होतीस तेव्हा. मला वाटायचं, ही विसरली असेल. वाचलं आणि... असू दे. ते पुढचं दोन पायांचं काहीतरी पोरांच्या गमतीसाठी असेल, ते कळतं मला. पण माझं वाक्य तू लक्षात ठेवलंस."

आता बोलायला हवं होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं: बाबा, मी ते थट्टेने लिहिलं. ऑफिसात हिच्या जिभेला घाबरून लोक वाट बदलायचे, आणि नेमकी त्या घडीला हिची दातखीळ बसली. "गणवेश सैल होतोय तुम्हाला," एवढंच ती म्हणाली आणि खांद्यापाशी टाचण्या लावून द्यायला लागली. स्वतःची तिला किळस आली, पण हात चालूच राहिले.

उद्घाटन एका भल्यामोठ्या खेळण्यांच्या दुकानात होतं, तळमजल्यावर. पुठ्ठ्याचा रणगाडा, पुठ्ठ्याची तटबंदी, कर्कश्श संगीत आणि कॅप्टन वज्रमुठीच्या खोक्यांचा डोंगर. आया फोन उंच धरून उभ्या, बाप मंडळी सुटकेची वाट बघत उभी, आणि पोरांचा नुसता हलकल्लोळ. जाहिरातवाला डोक्याला सोनेरी पट्टी बांधून इकडून तिकडे धावत होता. युद्ध जिंकल्याचा आव तर असा की ज्याचं नाव ते. साहेब खाकी जाकीट घालून आले होते. त्याला जागोजागी खिसे होते आणि खिशांत ठेवायला साहेबांकडे काहीही नव्हतं.

बाबांना बूट चढवले ते कंपनीने मुद्दाम करवून घेतलेले, काळे, सोनेरी पट्ट्यांचे. उजवा उजव्यात नीट बसला. दुसरा उजवा लाकडी पावलावर बसेना. साचेवाल्यानेच तो कानशीने आतून कोरून, आत कापडाचे बोळे कोंबून बसवला. पावलाचं टोक बाहेर वळलं.

"चालून बघा, कर्नल," तो म्हणाला.

बाबा चालले. "जमतंय," म्हणाले.

मग नाव पुकारलं गेलं आणि बाबा स्टेजवर निघाले. बाई पुठ्ठ्याच्या तटबंदीआड उभी राहून बघत होती. छाती पुढे, हनुवटी वर, हात खांद्याच्या रेषेत. अजून काय ऐट होती त्या माणसात! पण डावा पाय दर पावलाला डावीकडे ओढत होता. बाबा माइककडे निघाले आणि पोचले खोक्यांच्या डोंगरापाशी. थांबले, वळले, पुन्हा माइकवर नेम धरून निघाले, आणि पुन्हा डावीकडे. पुढच्या रांगेतलं एक पोर खिदळलं. मग शेजारचं. चावीचं खेळणं भिंतीला अडकून तिथेच चालत राहतं, तसं पोरांना दिसत होतं ते, आणि पोरांचं काय चुकलं? आयाही हसायला लागल्या, अगदी कौतुकाने. म्हाताऱ्याने काय सुरेख बसवलंय, असं त्यांच्या तोंडावर होतं.

बाबा माइकपाशी पोचले. घाम आला होता. त्यांनी समोर बघितलं आणि आवाज न कापता म्हणाले, "रडता काय! उजवा आहे ना अजून."

क्षणभर खरोखर शांत झालं. एका बापाने हातातला फोन खाली घेतला.

"आता तर दोन आहेत, कॅप्टन!" साहेब माइकमध्ये किंचाळले, बाबांचा पाय स्वतःच्या हाताने उचलून लोकांना दाखवला, आणि दुकान हसण्याने दणाणलं. बाबांनी तोल सांभाळायला साहेबांच्याच जाकिटाचा खिसा धरला. त्यावर आणखी हशा. "फोटोवाल्यांसाठी एकदा परत!" कुणीतरी ओरडलं, आणि बाबा परत तिकडून चालत आले, परत खोक्यांवर गेले, परत तेच म्हणाले. या वेळी शांत वगैरे कुणी झालं नाही. वाक्य सुरू होताच पोरं पुढचं एका सुरात ओरडली. त्यांचं पाठ झालं होतं.

मागच्या बाजूला, रिकाम्या खोक्यांच्या खोलीत, बाबा एका खोक्यावर बसले होते. बूट काढून ठेवला होता. लाकडी पावलाच्या वर पाय घासून लाल झाला होता. बाईने पाणी दिलं, ते प्यायले. बाहेर खोकी धडाधड विकली जात असल्याचा आवाज येत होता.

"हसण्यासाठीच लिहिलं होतंस का गं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं तिचा धंदाच होता. एकाला दहा सापडली असती.

"हो," ती म्हणाली. "पण तुमच्यावर नाही, बाबा. शपथ. या लोकांवर. साहेबावर, त्या जाहिरातवाल्यावर, या सगळ्या मूर्खांवर."

बाबांनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं.

"त्यांच्यावर कुणी हसलं नाही," ते म्हणाले.

 बाईचे कान तापले होते. बाकी सगळ्यांना ज्या नजरेने ती बघत आली होती, त्या नजरेने आज कुणीतरी तिच्याकडे बघत होतं, आणि तेही न रागावता.

जाहिरातवाल्याने दारातून सोनेरी पट्टीचं डोकं आत घातलं. "कर्नल, कमाल केलीत! पुढचा खेळ लगेच. बाहेर रांग लागलीय!" आणि गेला.

"घरी चला, बाबा," बाई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. गेली नोकरी तर गेली. माझीही जाऊ दे. मी सांगते त्या साहेबाला काय सांगायचं ते."

"आधी सांगायचं होतंस. मी टाचण्या लावून घेत होतो तेव्हा." बाबांनी गणवेशाचं वरचं बटण लावलं. "आता घरी जाऊन काय करू? पंपाकडे बघत बसू?"

त्यांनी लाकडी पाय तिच्यापुढे लांब केला. वाकून तो बूट त्यांचा त्यांना बांधता येण्यासारखा नव्हता.

"बांध," ते म्हणाले. "आणि घट्ट बांध. मघाशी सैल होता. पडलो तर अजून हसतील."

बाई खाली जमिनीवर बसली, बूट उचलला आणि कापडाचे बोळे पुन्हा आत कोंबायला लागली.